दहावीच्या सेंड ऑफला आम्हा नवरा-बायकोला थांबायला सांगितलंय, नेमकं काय करायचं?

वडगावची शिवणवाली:

नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात घरी ब्लाऊज शिवते, मिस्टर उद्यमबागच्या कारखान्यात लेथवर आहेत. मुलगी मराठी माध्यमात दहावीला. येत्या शनिवारी शाळेत सेंड ऑफ आहे. तीनला भाषणं, मग खाणं, मग साडेपाच ते सात गाणी लावून नाच. नाचाला शाळेनं यंदा पहिल्यांदाच हो म्हटलंय, आणि अट घातलीय की पालकांतली दोन जोडपी शेवटपर्यंत थांबली पाहिजेत. मुलींकडं बाई, मुलांकडं पुरुष माणूस. टीचरचा फोन मिस्टरांनी उचलला आणि "येतो की, त्यात काय" म्हणून मोकळे झाले.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. लेक म्हणते, "आई, ये तू, पण माझ्याकडं बघू नको." मिस्टर म्हणतात, कुणी कुणाचा हात धरलेला दिसला की गाणं बंद. दोघांच्या मध्ये मी. त्यात वर्गातल्या अकरा मुलींचे ब्लाऊज मीच शिवलेत. एक पोरगी आज्जीची शहापुरी साडी नेसणार आहे, जुन्या ब्लाऊजची शिवण उसवून मी तो तिच्या मापाचा केला. आयुष्यात पहिल्यांदा साडी नेसणाऱ्या पोरी आहेत, मला त्यांचीच जास्त काळजी.

उभं कुठं राहायचं? दोन पोरं इमारतीच्या मागं गेलेली दिसली तर काय बोलायचं? येळ्ळूर, धामणे अशा गावांतली मुलं आहेत, सातला अंधार पडतो. आधी कुणी केलंय का हे काम?

निपाणीचे निवृत्त मास्तर:

ताई, एकतीस वर्षं हायस्कुलात काढली, त्यामुळं लिहितो. नाचात फारसं काही होत नाही. जे होतं ते शाळा सुटल्यावर, गेटच्या बाहेर होतं. त्या दिवशी पोरं भावाची, काकाची मोटरसायकल मागून आणतात आणि तिघं-तिघं बसून फिरतात. मोटर वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे. पण मी दंडासाठी सांगत नाही. सेंड ऑफनंतर महिन्याभरात परीक्षा असते. माझा एक विद्यार्थी हात प्लॅस्टरमध्ये घालून परीक्षेला बसला, दुसऱ्याला लिहायला सांगून. आपल्या कर्नाटकातल्या दहावीच्या 625 मार्कांपैकी किती पडले ते त्यालाही आठवत नसेल, पण तो हात अजून वाकडा आहे.

म्हणून यजमानांना आत ठेवू नका. गेटावर उभं करा. शाळेकडून प्रत्येक मुलाच्या घरचा नंबर कागदावर लिहून घ्या, आणि कोण कुणाबरोबर घरी जाणार हे शुक्रवारीच विचारून ठेवा. इमारतीमागचे दिवे लावायला सांगा. दिवा असला की निम्मी पोरं मागं जातच नाहीत. गेलीच तर आरडाओरडा नको. "चला, आइस्क्रीम संपायला आलंय" एवढं पुरे.

न्यू जर्सी, माहेर खानापूर:

मी आणि माझे मिस्टर गेल्या वर्षी लेकाच्या शाळेत प्रॉमला असेच थांबलो होतो. प्रॉम म्हणजे इथला अकरावी-बारावीच्या मुलांचा वर्षअखेरचा नाच. आमच्या इथं नियम कडक होते. एकदा बाहेर पडलं की परत आत नाही. दुसऱ्या शाळेतला पाहुणा आणायचा तर आधी फॉर्मवर सही. दारात बॅगा बघितल्या. पालकांना सांगितलं होतं की एकटं कुठं थांबू नका आणि मुलांच्यात नाचायला जाऊ नका.

आमची चूक सांगते, ती तुम्ही करू नका. पहिला तासभर आम्ही दोघं शेजारी-शेजारी उभे राहून गप्पा मारत होतो. मग लक्षात आलं, आम्ही एकमेकांकडंच बघतोय. नंतर हे पार्किंगच्या दाराशी गेले, मी बाथरूमच्या बोळात. मला ते दिसत होते, त्यांना मी. बोळात उभी राहिले म्हणून एक मुलगी माझ्याकडं येऊन रडू शकली. हॉलच्या मधोमध असते तर आली नसती. आणि आपल्या पोरावर लक्ष ठेवायला दुसऱ्या जोडप्याला सांगा. आम्ही तसं ठरवलं होतं, लेक रात्रभर मोकळा होता.

शहापूरची, वय 21:

काकू, एकच सांगते. आमच्या सेंड ऑफला एका मैत्रिणीचे पप्पा आले होते आणि त्यांनी आमच्या नाचाचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. कौतुकानंच टाकला. पण एका मुलीला त्या व्हिडिओवरून घरी मार बसला, ती परीक्षेपर्यंत आमच्याशी बोलली नाही. मोबाइल खिशातच राहू दे, काकांचा पण.

आणि बसचं बघा. येळ्ळूरच्या मुली कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी बसनं फुकट जातात, पण कंडक्टरला आधार कार्ड दाखवावं लागतं. साडीला खिसा नसतो.

वडगावची शिवणवाली:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल पार पडलं. लगेच लिहिते, नाहीतर राहून जाईल.

शहापूरच्या ताईचं वाचून शुक्रवारी रात्री ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाचे अकरा बटवे शिवले, नाडीचे, आधार कार्ड आणि वीस रुपये मावतील एवढे. मुलींनी ते कमरेला खोचले. सेफ्टी पिना दोन डझन नेल्या होत्या, परत आल्या तीन. मी वर्गखोलीच्या दारात स्टूल घेऊन बसले, सुई-दोरा मांडीवर. निऱ्या सुटल्या की पोरी यायच्या, आणि पिन लावेपर्यंत बोलायच्या. शहापुरी साडीवाली तर पदर ठीक असताना आली. सायन्सला जायचंय, पण कॉलेजात सगळं इंग्लिशमधनं, मला कोण समजावून सांगणार, म्हणून रडली. मला सायन्समधलं काय कळतंय? डोळे पुसले, पदर परत नीट केला आणि टीचरना बोलावून आणलं. त्यांनी नंबर दिला तिला, सुट्टीत घरी ये म्हणाल्या.

मिस्टर गेटावर. मला धास्ती होती की ते कुणाच्या तरी कानाखाली देतील. साडेसहाला दोन पोरं मोटरसायकल घेऊन निघाली, तर त्यांनी किल्ली काढून घेतली आणि मास्तरांनी सांगितलेल्या कागदावरचा नंबर लावला. म्हणाले, "तुमचा मुलगा लय चांगला आहे, गाडी न्यायला तुम्ही या." पोराच्या देखत. बाप आला, तोही काही बोलला नाही, मुलाला मागं बसवून घेऊन गेला. दुसऱ्या पोराला मिस्टरांनीच सोडलं. हात धरण्याचं विचाराल तर शेवटच्या गाण्याला सगळ्या वर्गानं गोल करून हात धरले होते. हे गेटावरून बघत होते. गाणं बंद करा म्हणाले नाहीत.

दुसरं जोडपं येळ्ळूर-धामण्याच्या मुलांबरोबर स्टॉपवर थांबलं, सगळी बसमध्ये चढेपर्यंत. सव्वाआठला शेवटच्या मुलीच्या आईचा फोन आला, पोचली म्हणून. तेव्हा आम्ही चहा घेतला.

रात्री लेकीच्या पिना काढत होते. म्हणाली, "आई, तू एकदा बघितलंस माझ्याकडं." खोटं कशाला बोलू, म्हटलं, बघितलं. जरा वेळानं विचारते, "कशी दिसत होते?"