शेतीची 'वाढ' म्हणजे कशाची वाढ?

अंत्रुज: जागतिक बँकेच्या 2008 च्या विकास अहवालातलं एक वाक्य मराठीत आणताना अडलंय. शेतीतून आलेली जीडीपी-वाढ इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा गरिबी कमी करायला किमान दुप्पट परिणामकारक, असा आशय. 'शेतीची वाढ' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी लागवडीचं क्षेत्र वाढलं असा अर्थ घेतला. 'शेती-उत्पादनातली वाढ' चालेल?

खारेपाट: उत्पादन नको. 10 खंडी भात झालं, हे उत्पादन. बियाणं, खत, नांगरणी, मजुरी जाऊन हाती उरतं ते उत्पन्न.

डिचोलीकर: मजुरी वजा करू नका! जीडीपीत मजुरी धरलेली असते. वजा होतं ते बियाणं, खत, डिझेल. मजुरी काढलीत तर कापणीला येणारी बाईच हिशेबातून गेली, आणि गरिबी तिचीच मोजायची आहे.

तिसवाडी: शिवाय शेतकरी 'एकरी उत्पन्न' म्हणतो तेव्हा पोतीच मोजतो. त्याला चूक ठरवणारे आपण कोण? खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, तर एकाच जमिनीचं उत्पन्न दुहेरी: पावसाळ्यात सरद भात, पुढे मानशीवरची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरची, मासळी.

खारेपाट: मानस म्हणजे रायगडातली उघाडी?

तिसवाडी: तीच. दार वरून टांगलेलं असतं. भरतीला बाहेरचं पाणी ते लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. तेव्हा तोंडाशी जाळं लावतात. मासळीचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात जातो. घेणारा कोळंबीच्या लोभाने दार अडवून भरती आत घेतो, किंवा फळी कुजते, खेकडे बांध पोखरतात, आणि खारं पाणी शेतात शिरतं. कोरगुट हे इथलं भात खार सोसतं, पण रोप कोवळं असताना त्यालाही झेपत नाही. मग मीठ धुऊन जायला पुढचा पावसाळा.

डिचोलीकर: 'मानस' हा 'माणूस'वरूनच आला असणार. दारावर राखणीला माणूस हवाच.

अंत्रुज: राखणारा तो मानशेकार. मग मानशेकार म्हणजे माणूसकार? पटत नाही.

खारेपाट: आणि 'खाजन' कसलं? आमच्याकडे खाजण. ण हवा.

तिसवाडी: गोव्यात न. इथली जमीन, इथला उच्चार. ण-न राहू द्या, 'खाजन'साठी 'भराव जमीन' छापतात ते आधी थांबवा. खाजन भरतीच्या पातळीखाली असतं, बांधामुळे टिकतं. भराव पडला की ते खाजन उरत नाही.

अंत्रुज: मान्य. पण 'वाढ'ला काय लिहू?

खारेपाट: आमच्याकडच्या शिलोत्री बांधाला, खारं पाणी अडवणाऱ्या, गोव्यात काय म्हणतात हो?