वीटकामाचा मसाला आणि वाळूचा दर्जा

प्रश्न : सिमेंट व वाळूचे १:६ हे प्रमाण तेच ठेवूनही एका गाडीतील वाळूचा मसाला थापीवरून सहज सुटतो, तर दुसरीला पाणी जास्त लागते आणि सुकल्यावर सांधा भुसभुशीत राहतो. हा दोष वाळूचाच समजावा काय?

उत्तर १ : बहुधा तिच्यातील गाळाचा. मातीचे सूक्ष्म कण जादा पाणी ओढतात आणि वाळूच्या कणांवर लेप धरून सिमेंटची पकड अडवतात. काचेच्या बरणीत वाळू, पाणी व चिमूटभर मीठ घालून जोरात हलवावे आणि काही तास स्थिर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या सुमारे ८ टक्क्यांहून जाड भरला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

उत्तर २ : ओलावाही पाहावा, याकडे फार दुर्लक्ष होते. दमट बारीक वाळू ३० टक्क्यांपर्यंतही फुगू शकते, त्यामुळे घमेल्याने मोजताना प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि प्रत्येक घाण्याचा मसाला वेगळा होतो.

उत्तर ३ : समुद्राची वाळू न धुता मुळीच घेऊ नये, कारण तिच्यातील क्षार पुढे भिंतीवर पांढरे फुटतात.