कोमुझ वाजवताना हातवारे का?

कोमुझ हे किर्गिझ लोकांचं तीन तारांचं वाद्य. ते वाजवणाऱ्या किर्गिझ मुलांच्या वाद्यवृंदाचे हातवारे म्हणजे 'स्टेजसाठी बसवलेला दिखावा' असं एकांनी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. वीस-वीस मुलांनी एकदम कोमुझ वाजवणं ही सोव्हिएत काळातली पद्धत, हे खरं. मुळात ते एकट्याने वाजवायचं वाद्य. पण हातवारे जुनेच आहेत. शब्दांविना गोष्ट सांगणाऱ्या तिथल्या रचनांना 'क्यू' म्हणतात आणि हात हा त्या गोष्टीचाच भाग असतो. 'माश बोतोय' ही क्यू नीट बघा: उजवा हात तारांवरून उठतो, हवेत वळतो आणि नेमका ठोक्यावर परत येतो. ताल जराही सुटत नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरांकडून हे होताना बघून मी अक्षरशः थक्क होते.

आणखी एक, कोमुझच्या तीन तारांपैकी बहुतेक वेळा मधली तार सगळ्यात उंच स्वरात लावतात, त्यामुळे सूर दोन्ही बाजूंनी वेढल्यासारखा वाटतो. वाद्याचा सांगाडा बहुधा जर्दाळूच्या एकाच लाकडातून कोरलेला. आणि गुरूकडून हे वाद्य शिकण्याच्या पद्धतीला तिथे म्हणतात 'उस्तात-शाकिर्त', म्हणजे आपलेच उस्ताद-शागीर्द! केवढा आनंद झाला मला हे कळल्यावर.