भाचा १६ वर्षांचा, शाळा सुटली, 'भाई'च्या नादाला लागलाय. पुण्यात घरच्यांसकट मदत करणारी संस्था आहे का?

चाकणचा मामा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबलंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहितो.

माझी मोठी बहीण पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला राहते, वस्तीचं नाव लिहीत नाही. चार घरी पोळ्यांची कामं करते, सकाळी साडेसहाला बाहेर पडते ती दुपारी अडीचला घरी, परत संध्याकाळी दोन घरं. दाजी तीन वर्षांपूर्वी निघून गेले, कुठे आहेत माहिती आहे पण येत नाहीत, पैसे तर सोडाच. घटस्फोट वगैरे काही कागदोपत्री नाही. दोन पोरं, भाचा १६ चा आणि भाची सहावीत.

भाच्याची शाळा नववीत सुटली. त्याच्यानंतर गल्लीतल्या टाळक्यांत बसायला लागला, आणि तिथे एक 'भाई' आहे, वय असेल पंचवीस, दोनदा आत जाऊन आलेला. आता मला कोणी म्हणेल की पोराला कळत नाही का, तर कळतं हो, पण हा भाई त्याला गाडीवर फिरवतो, रिचार्ज मारतो, आणि ह्याच्या सोळाव्या वाढदिवसाला त्याने केक आणला, फटाके लावले, गळ्यात हार घातला. आमच्या घरात त्या पोराचा वाढदिवस कधी झालेलाच नव्हता. तो केक कोयत्याने कापला आणि त्याचं रील इन्स्टावर टाकलं, तिथून सगळं सुरू झालं.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत तीन गाड्यांच्या काचा फुटल्या. हा म्हणतो मी नुसता उभा होतो. पोलिसांनी बोलावलं, चार तास बसवलं, ताईची सही घेतली आणि समज देऊन सोडलं. तेव्हापासून ताईला झोप नाही. दोन घरची कामं पण गेली, कारण एका मॅडमनी ते रील बघितलं. भाचीला शाळेत पोरी 'कोयतेवाल्याची बहीण' म्हणतात, ती आता पोट दुखतं म्हणून दर सोमवारी घरी राहते.

मी दोन रविवार सुट्टी काढून संस्था फिरलो. एका ठिकाणी संध्याकाळचे वर्ग आहेत, छान आहेत, पण १४ च्या आतल्या मुलांना. दुसऱ्या ठिकाणी कोर्स करून नोकरी लावतात पण १८ पूर्ण पाहिजेत, म्हणाले दोन वर्षांनी या. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी विचारलं व्यसन आहे का, मी म्हटलं नाही, सिगरेट ओढत असेल फार तर, तर म्हणाल्या मग आमच्यात बसत नाही. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता ह्याला व्यसन लागेपर्यंत थांबायचं का?" काय उत्तर देणार.

तर विचारायचं असं की १६-१७ च्या पोरांसाठी, जी अजून पुरती बिघडलेली नाहीत, कोणी काम करतं का? आणि फक्त पोराला भाषण देऊन सोडणारं नको, ताईशी, भाचीशी पण कोणीतरी बोलायला पाहिजे. ताईला १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावायची पण भीती वाटते, तिला वाटतं पोराला उचलून रिमांड होमला टाकतील.

कट्टेकरी

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दोन कानाखाली वाजवा आणि गावाला पाठवा. आमच्या वेळी हेच औषध होतं. संस्था बिंस्था सगळे फोटो काढायला येतात.

चाकणचा मामा

दादा, दोन्ही करून झालं. गावाला आजीकडे माण तालुक्यात पाठवला होता, १९ व्या दिवशी एसटीत बसून परत आला, तिकिटाचे पैसे भाईनेच पाठवले होते. कानाखाली मी स्वतः मारली, त्याचं अजून वाईट वाटतं, त्या रात्री तो घरी आलाच नाही.

वस्तीताई

मामा, मी ११ वर्षं वस्त्यांमध्ये समाजसेविका म्हणून काम करते. तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, चौदा ते अठरामधलं पोरगं कुठल्याच खान्यात बसत नाही. संस्थांना पैसे ज्या कामासाठी मिळतात तेच काम करावं लागतं, शाळेसाठी आले तर शाळा, रोजगारासाठी आले तर १८ च्या पुढचे. आम्ही पण ह्यात अडकतो. म्हणून एकच संस्था सगळं करेल ही आशा सोडा, तीन-चार ठिकाणचे धागे तुम्हालाच जोडायला लागतील.

आधी ताईंची भीती. १०९८ मुंबईत १९९६ ला सुरू झालं, तेव्हापासून बरीच वर्षं संस्थाच चालवायच्या, २०२३ पासून ते सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे गेलं आणि ११२ ला जोडलं. फोन केला म्हणजे मुलगा उचलत नाहीत. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, त्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, आधी कुटुंब. फोन ताईंनी स्वतः करावा, आणि 'मुलगा वाईट संगतीत आहे, मोठा माणूस त्याला वापरतोय, मला मदत पाहिजे' असं सरळ सांगावं. 'मुलगा गुंड झालाय' असं बोलू नका, रागात आया असंच बोलतात आणि मग पुढचा माणूस पण तसंच लिहून घेतो.

दुसरं, पैशाचं. बालसंगोपन योजना कोणी सांगितली नाही का तुम्हाला? ज्या मुलांचे आईवडील दोघं किंवा एक नाही, सोडून गेलेत, त्यांना घरीच ठेवून सांभाळायला महिन्याला २२५० रुपये मिळतात. फक्त कोविडमधल्या मुलांसाठी आहे असा बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मग घरी येऊन चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. घटस्फोटाचा कागद नाही म्हणून आधीच घरी बसू नका, दाजी सोडून गेलेत हे चौकशीच्या वेळी शेजाऱ्यांकडूनही कळतं. भाचीचाही अर्ज करा. भाचा अठराचा होईपर्यंतच मिळणार, त्यामुळे लवकर हलवा. आणि कोणी एजंट हजार रुपये मागेल, देऊ नका.

भाचीचं सोमवारचं पोट दुखणं हलक्यात घेऊ नका. सगळे पोराच्या मागे लागतात आणि ती पोरगी एका कोपऱ्यात तशीच राहते, मी हे दहा घरांत बघितलंय.

अर्धा वकील

पोलिसांच्या बाजूचं मी सांगतो. कल्याणीनगरच्या पोर्शे केसपासून, म्हणजे मे २०२४, अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला तेव्हापासून लोकांना वाटतं बाल न्याय मंडळ म्हणजे पोरांना सोडून द्यायची जागा. तसं नाही. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक बसतात, घरची परिस्थिती काय ह्याचा अहवाल मागवतात. १८ च्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, ताब्यात घेतलं तर २४ तासांत मंडळापुढे न्यायला लागतं. पुढच्या वेळी बोलावलं तर बाल पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा आणि सही करायच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. ताईंना वाचायला अवघड जात असेल तर मोठ्याने वाचून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. बायका आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

आणि महत्त्वाचं, तो भाई. बाल न्याय कायद्याचंच कलम ८३ बघा, मोठ्या माणसाने लहान मुलाला बेकायदा कामाला वापरलं तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. कलम ७८ आहे मुलांकडून दारू किंवा अमली पदार्थाची ने-आण करून घेण्याबद्दल. हे भाईला जाऊन सुनवू नका हां, नाहीतर पोराचेच हाल होतील. १०९८ ला किंवा पोलिसांच्या भरोसा सेलला (बायका-मुलांच्या तक्रारींसाठी असतो) बोलताना सांगा.

नागपुरी संत्रं

आमच्याकडे विजय बारसे सरांनी २००१ मध्ये वस्तीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं. पावसात पोरं फुटकी बादली लाथाडत होती ते बघून त्यांनी बॉल दिला, इतकं साधं. माझा चुलत भाऊ त्यात खेळला. त्याचं सांगणं असं की खेळापेक्षा संध्याकाळी साडेपाचला कोणीतरी आपली वाट बघतंय हे मोठं होतं, त्या वेळेला बाकीची पोरं नाक्यावर असायची.

तलावपाळी

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला होता, वस्तीतली पोरं स्वतःच्या आयुष्यावर स्वतःच नाटक बसवायची. तुम्हाला पुण्यात उपयोग नाही पण भाच्याला रीलचा नाद आहे म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहायला लाजत नाही, ह्याचं काहीतरी होऊ शकेल असं वाटलं म्हणून लिहिलं.

जुना टाळका

नाव नाही सांगत. मी ह्याच पोरांतला, पुण्यातल्याच अप्पर बाजूचा, आता ३१ चा आहे आणि टेम्पो चालवतो स्वतःचा. वरती कानाखालीवाले साहेब आहेत त्यांना सांगतो, मार खायची सवय असतेच, भाई पण मारतो, फरक एवढाच की तो नंतर चहा पाजतो.

मला बाहेर काढलं ते आमच्या वस्तीतल्याच एका दादाने, संस्थेत पगारी होता पण ऑफिसात कमी आणि आमच्या कट्ट्यावर जास्त. सहा महिने त्याने मला काहीच शिकवलं नाही, नुसता येऊन बसायचा. मग १७ नंबरचा फॉर्म भरून दिला. मामा, हा फॉर्म बघा, शाळा सुटलेली असली तरी दहावीला बाहेरून बसता येतं, जवळच्या शाळेत विचारा, तारीख निघून जाते मात्र. मी दुसऱ्या झटक्यात सुटलो, गणित राहिलं होतं.

ढोल पथकात घालू का असं कोणीतरी सुचवेलच, तर पथक आणि पथकात फरक असतो. चांगल्या ठिकाणी शिस्त लागते, दोन महिने रोज संध्याकाळ जाते, हाताला फोड येतात आणि रात्री गप झोप लागते. पण काही ठिकाणी भाईच मागे उभा असतो, आधी जाऊन बघा बॅनरवर कोणाचे फोटो आहेत.

आणि भाईशी एकदम तोडायला लावू नका त्याला. सांगा हळूहळू कमी कर, कामाचं कारण दे. एकदम तोडलं की ती पोरं 'फुटला' म्हणतात, मग राडा होतो. मला डाव्या खांद्यावर आठ टाके आहेत त्याचे.

कट्टेकरी

बरं. मी माझे शब्द मागे घेतो. सायकल पडून आहे घरी, मुलाची, तो बाहेर असतो. पोराला कामाधंद्याला जायला लागणार असेल तर मेसेज करा, धनकवडीतून घेऊन जा.

चाकणचा मामा

सगळ्यांचे आभार, रात्रपाळीत वाचत होतो, सुपरवायझरने दोनदा हटकलं.

अपडेट देतो. ताईने काल माझ्यासमोर १०९८ ला फोन लावला, वस्तीताईंनी सांगितलं तसंच बोलली, मध्ये रडली. पलीकडच्या मॅडमनी अर्धा तास ऐकून घेतलं, गुरुवारी घरी यायचं म्हणाल्या. बालसंगोपनसाठी रेशनकार्ड आणि दोघांचे आधार काढून ठेवलेत, भाचीचा शाळेचा दाखला पाहिजे का ते कोणी सांगेल का? तो मिळायला शाळा आठ दिवस लावते.

भाच्याला १७ नंबरचं सांगितलं. हो नाही काहीच बोलला नाही. पण रात्री ताईला विचारत होता की गणित सोडून पास होता येतं का.

जुना टाळका दादा, तुम्ही एखाद्या रविवारी पर्वतीकडे टेम्पो घेऊन येणार असाल तर सांगा. त्याला काही समजावू नका, हमालीला सोबत घेऊन जा नुसता.

जुना टाळका

ह्या रविवारी मार्केटयार्डातून माल आहे. पहाटे चारला निघायला लागेल, उठेल का तो?