मदत हवी आहे: जेजू बेट, १२ माणसं, अडीच दिवस. काय गाळू?

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचत बसते. पहिलाच धागा काढतेय, तोही गळ्याशी आल्यावर. सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची. तीन वर्षं झाली, दक्षिण कोरियात ग्वांगजूजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. दर नोव्हेंबरात आम्हा परदेशी शिक्षकांची सहल निघते. थोडे पैसे शाळा देते, बाकीचे आपापले. यंदा जेजू ठरलं आणि "तुझं गणित चांगलं" म्हणून आखणी माझ्या गळ्यात पडली. गणिताचा आणि १२ माणसांना एका बसमध्ये बसवण्याचा काहीही संबंध नसतो, हे आता कळतंय.

जेजू मी एकदा बघितलंय. म्हणजे बघितलं असं म्हणतात. कोरियात आल्या आल्या एका बसटूरबरोबर गेले होते. झेंडा धरलेला गाइड, दोन दिवसांत सतरा थांबे. गाडी उताराच्या उलट चढते असं वाटणारा रस्ता दाखवला (डोळ्यांना फसवणारा चढ-उतार, दुसरं काही नाही), तिथे वीस मिनिटं. एका दुकानात घोड्याच्या हाडांची पावडर गुडघ्यांना कशी चांगली ते ऐकायला पाऊण तास. आणि सॉन्गसान इल्चुलबोंगला, ज्याच्यासाठी लोक जगभरातून येतात, तिथे पस्तीस मिनिटं. समुद्रातल्या स्फोटातून उभी राहिलेली, जेमतेम १८० मीटर उंचीची टेकडी आहे ती, वर वाडग्यासारखं विवर. मी निम्म्या पायऱ्या चढले आणि खालून शिट्टी वाजली. ते विवर मी अजून फक्त फोटोत पाहिलंय. तेव्हा तयार टूर नको, एवढं एकच नक्की आहे.

आता मंडळी ऐका. दोन तरुण मास्तर, एक आयरिश, एक दक्षिण आफ्रिकेचा. त्यांना हाल्लासानचं शिखर गाठायचंय. १,९४७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ३०० मीटर जास्त. सॉन्गपानाकच्या वाटेने एकेरी ९.६ किलोमीटर, शिखरासाठी आधी नाव नोंदवायचं, आणि ठरलेल्या वेळेच्या आत वरच्या निवाऱ्यापाशी पोचला नाहीत तर तिथूनच परत पाठवतात. त्यांचा एक अख्खा दिवस गेला. ग्रंथपाल बाई कॅनडाच्या, गुडघा बदललेला, पायऱ्या नकोत. एक जोडपं सहा वर्षांच्या मुलीला घेऊन येणार, तिला उदो बेटावरचं शेंगदाण्याचं आइसक्रीम हवंय, कारण वर्गातल्या कुणीतरी खाल्लंय. दोघं कट्टर शाकाहारी. मी अंडं खाते, मासे नाही. बाकी दोघांचं म्हणणं "काहीही चालेल". ह्यांच्याइतके अवघड प्रवासी दुसरे नाहीत.

आणि एक कोरियन सहकारी बाई. शाळेत सगळे एकमेकांना 'सॉनसेंगनिम' म्हणतात, आपल्या 'गुरुजीं'सारखं, तर मीही त्यांना तेच म्हणते. पन्नाशीच्या पुढच्या. आमच्याबरोबर येतायत ते भाषेची अडचण नको म्हणून. त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. माझी यादी वाचली, दोन स्पेलिंगं सुधारली आणि म्हणाल्या, "वेळ उरला तर मी ४·३ च्या शांती उद्यानात जाऊन येईन. एकटीच. तुम्ही थांबू नका. माझी आजी तिथली."

मला 'सासाम' हा शब्द ऐकून माहीत होता, म्हणजे चार-तीन, ३ एप्रिल. घरी येऊन वाचलं. कोरियाच्या फक्त दक्षिण भागात वेगळी निवडणूक घेण्याच्या विरोधात आणि पोलिसी अत्याचारांविरुद्ध ३ एप्रिल १९४८ ला बेटावर उठाव झाला. तो मोडायला जे सुरू झालं ते १९५४ पर्यंत चाललं. डोंगरालगतची गावंच्या गावं जाळली. मेलेल्यांचा अंदाज २५ ते ३० हजार, म्हणजे बेटावरचा साधारण दर दहावा माणूस. बहुतेक मारले ते सरकारी फौजांनी आणि त्यांच्या बाजूच्या टोळ्यांनी. पुढे कित्येक दशकं घरातसुद्धा ह्याबद्दल बोलायची चोरी होती. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्युन ह्यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली.

"तुम्ही थांबू नका" हे काही डोक्यातून जात नाही. सगळ्यांना तिथे नेलं तर सहलीच्या मूडमधल्या लोकांना बळंच स्मारक दाखवल्यासारखं होईल, वर त्या बाईंचं खाजगी दुःख आमच्या कार्यक्रमात आल्यासारखं. एकटं जाऊ दिलं तर आम्ही आइसक्रीम खात बसलोय आणि त्या बसने जातायत, हे चित्र मला सोसणार नाही.

तर विचारायचंय ते असं. शुक्रवारी दुपारी पोचून रविवारी संध्याकाळी परत, म्हणायला अडीच दिवस, हातात दोनच. बेट पूर्व-पश्चिम ७३ किलोमीटर, साताऱ्याहून वाईला जाऊन परत यावं तेवढं, पण मध्ये हाल्ला बसलाय. काय ठेवू, काय गाळू? भाड्याची गाडी मी चालवू शकते का? माझ्याकडे भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आहे. शाकाहाऱ्यांना काय घालू? आणि जावं कसं, विमानाने की मोक्पोहून जहाजाने? जहाज चार-साडेचार तास घेतं, मुलांना मजा येते, म्हणून मी स्टाफरूममध्ये सहज विषय काढला. सगळे कोरियन सहकारी एकदम गप्प झाले. मग आठवलं. २०१४ साली बुडालेलं सेवोल जहाज जेजूलाच निघालं होतं. ३०४ माणसं गेली, त्यातले २५० एकाच शाळेचे, सहलीला निघालेले विद्यार्थी. ते जहाज वर काढून मोक्पोच्याच नव्या बंदरात ठेवलंय.

जाणकारांनी वाट दाखवावी. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

तिखटजाळ: आधी सोपं उत्तर, गाडीचं. नाही चालवू शकत. आंतरराष्ट्रीय परवाना कोरियात आल्यापासून एक वर्षच चालतो, तुम्हाला तीन झाली. कोरियन परवाना हवा. तो असता तरी बारा माणसं एका साध्या व्हॅनमध्ये मावली नसती. चालकासह मिनीबस घ्या, माणशी भागून फार पडत नाही, शिवाय वाटेत कुणाला शू लागली तर तुमच्यावर येत नाही. थांबे तुम्ही ठरवा आणि "दुकान नको" हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. हाल्लावाल्या दोघांना मिनीबसमध्ये धरूच नका. जेजू शहरातून २८१ नंबरची बस सॉन्गपानाकला थांबते, पहाटे निघतील, संध्याकाळी लंगडत परत येतील. नकाशा नेव्हर (Naver) किंवा काकाओ ह्या कोरियन अॅपचा वापरा, गूगलवर भरवसा ठेवाल तर शेतात उभे राहाल. विमान असो की जहाज, प्रत्येकाचं ओळखपत्र हवं, मुलीचंसुद्धा.

आता गाळायचं. अख्खा पश्चिम आणि दक्षिण किनारा गाळा. फक्त पूर्व करा.

काळापाषाण: दक्षिण किनारा गाळा?? जुसांगजॉल्लीचे षटकोनी खांब बघायचे नाहीत? लाव्हा समुद्राकाठी थंड होताना आकसला आणि असा भेगाळला. भूगोलाचा मास्तर असेल ग्रूपमध्ये तर तुम्हाला माफ करणार नाही.

तिखटजाळ: @काळापाषाण, तसलेच खांब अंधेरीत गिल्बर्ट हिलला आहेत. गेलात का कधी?

काळापाषाण: ... नाही. बरं, गाळा. पण शेतांच्या बांधांकडे लक्ष द्या. काळा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच, फक्त वयाने अगदीच पोर. कोकणातल्या गडग्यासारखे नुसते एकावर एक रचलेले दगड, चुना नाही, माती नाही. मुद्दाम फटी ठेवतात, वारा आरपार जातो म्हणून भिंत टिकते. ह्याला तिकीट नाही आणि पायऱ्याही नाहीत.

वरणफळ: शाकाहारी सून घेऊन जेजू केलंय, म्हणून लिहिते. "कोगी प्पेगो चुसेयो" (मांस न घालता द्या) पाठ करा, पण त्याने अर्धंच काम होतं. मासा त्यांच्या हिशेबात मांस नाही. रस्सा बहुधा म्योल्चीचा असतो, म्हणजे सुक्या बारीक मासळीचा, आणि किमचीतही माशाचं आंबवण. बिबिम्बाप मिळतो सगळीकडे, त्यातलं मांस काढायला सांगा. जेजूचा खास पदार्थ म्हणजे बिंगत्तोक, कुट्टूच्या पिठाचं धिरडं आणि आत मुळ्याचा कीस. चवीला अळणी. सुनेने पर्समधून मेतकूट काढलं, तेव्हा कुठे जमलं. ओमेगी-त्तोक हे लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण लावलेले गोळे, मुलीला आवडतील. संत्र्यांचा हंगाम आहे, टोपलीभर घ्या. बाकी सगळे काळ्या डुकराचं मटण भाजत बसतील तेव्हा तुम्ही दुसऱ्या टेबलावर बसा, धूर फार होतो.

अंगणवेडा: कोरिया कशाला, दापोलीला या. समुद्र आहे, शाकाहारी आहे, परवाना चालतो.

उंबरठा: मी पुण्यात कोरियन शिकवते. ताई, तुमचा खरा प्रश्न बाकीच्यांनी शिताफीने टाळलाय, म्हणून लिहिते.

तुम्ही समजताय की एकीकडे सहलीची ठिकाणं आणि दुसरीकडे स्मारक, आणि ह्यातलं एक निवडायचंय. जेजूत तसं नाही. तुमचं जे इल्चुलबोंग राहून गेलं, त्याच्या पायथ्याशी वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, थॉजिनमोक नावाची. सॉन्गसानच्या आसपासच्या गावांतल्या लोकांना तिथे आणून मारलं. आज तिथे स्मारकाचे दगड आहेत आणि लोक बाजूला उभे राहून सूर्योदयाचे फोटो काढतात. दक्षिणेतला चॉन्गबांग धबधबा, थेट समुद्रात पडणारा, तोही तसलाच. आणि तुमचं विमान ज्या धावपट्टीवर उतरेल, त्या विमानतळाच्या जमिनीतून २००७ नंतर माणसांची हाडं उकरून काढली आहेत. तुम्ही उद्यान गाळलंत तरी ४·३ गाळता येत नाही. फक्त माहीत असणं आणि नसणं एवढाच फरक.

उद्यानात एक पांढरा दगड आहे, आडवा ठेवलेला, त्यावर एक अक्षर कोरलेलं नाही. कारण ह्या घटनेला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. उठाव, बंड, कत्तल? ठरेल तेव्हा नाव कोरून उभा करायचा आहे. बारा जणांना एवढं बघायला दीड तास काही जास्त नाही. पण त्याआधी एक करा: त्या बाईंनाच विचारा. तुम्ही त्यांच्या वतीने ठरवताय.

जाता जाता, हेन्यो म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या जेजूच्या बायका, त्यांचं प्रात्यक्षिक इल्चुलबोंगच्या खाली असतं. साठी-सत्तरीच्या बायका नळकांडं न लावता समुद्रात उतरतात, दोन-दोन मिनिटं श्वास रोखतात आणि वर येताना शीळ घातल्यासारखा आवाज काढतात, सुम्बिसोरी. ते प्रात्यक्षिक चटकन आटपतं. त्यापेक्षा हादोरीचं हेन्यो संग्रहालय बघा. ह्याच बायकांनी १९३२ मध्ये जपानी राजवटीविरुद्ध मोर्चे काढले होते.

वरणफळ: उंबरठाताईंना +१. मी विमानतळावर उतरून पहिला फोटो काढला होता. आता तो बघवणार नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काळापाषाण, गिल्बर्ट हिलला जाऊन या.

सांगते काय झालं ते. विमान घेतलं, ग्वांगजूहून पाऊण-एक तास. का ते कुणी विचारलं नाही. मिनीबस ठरली. फक्त पूर्व. दोघे पहिलवान शनिवारी हाल्लाला जातील, त्यांची नोंदणी झाली. उदो ठेवलंय, पण वारा सुटला तर बोट बंद असते, हे सहा वर्षांच्या मुलीला समजावण्याची जबाबदारी तिच्या बापावर. इल्चुलबोंगला दोन तास. ग्रंथपाल बाई खाली बांध बघत बसतील म्हणाल्या, काळापाषाणचा प्रतिसाद मी त्यांना भाषांतर करून ऐकवला.

आणि बाईंना विचारलं. स्टाफरूममध्ये नाही, पार्किंगमध्ये. थॉजिनमोकचं नाव घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, आजीचं माहेर त्याच बाजूचं. घरात कधी कुणी काही बोललं नाही, फक्त दर वर्षी एका रात्री गावातल्या बऱ्याच घरांत एकदमच श्राद्धाचा स्वयंपाक असायचा आणि लहानपणी त्यांना ती जत्रा वाटायची.

उद्यानात सगळ्यांनी यावं असं त्यांना वाटत नाही. थॉजिनमोकला मात्र त्या स्वतः बोलणार आहेत, शनिवारी सकाळी, इंग्रजीत. त्यासाठी मला काही शब्द विचारत होत्या. 'श्राद्धा'ला इंग्रजीत काय म्हणायचं, ह्यावर आम्ही दोघी अडलो. कुणाला सुचतंय का?

रविवारी सकाळी त्या उद्यानात जाणार. मला म्हणाल्या, तू ये. तेवढा वेळ बाकीच्या दहांना कुठे सोडू, तेही सांगा. जवळपास, पायऱ्या नसलेलं, शाकाहारी नाश्ता मिळेल असं.