गटात फोन क्रमांक आहे, पण मूल शिकते आहे का?

प्रश्न : शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, पेठ तालुका (ऑक्टोबर २०२०)
करोनामुळे शाळा बंद आहे. माझ्या चौथीच्या वर्गात २३ मुले आहेत. त्यांपैकी १४ घरांचे क्रमांक व्हॉट्सॲप गटात असल्यामुळे अहवालात तेवढी मुले 'ऑनलाइन शिक्षण घेणारी' म्हणून मोजली जातात. प्रत्यक्षात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाल्यापासून बहुतेकांचे वडील दिंडोरी-निफाडकडे कामाला गेले असून फोन त्यांच्या खिशात आहे. काल पाठवलेला भागाकाराचा व्हिडिओ सहा जणांनी पाहिल्याचे दिसले. त्यांपैकी पाच जण तेव्हा बागेत होते. गटात नसलेल्या नऊ मुलांचा तर कुठेच उल्लेख नाही. आपण काय करता?

शिक्षिका, सुरगाणा तालुका
सर, आमच्याकडेही हेच आहे. शालेय पोषण आहाराचा तांदूळ, दिवसाला १०० ग्रॅम या हिशेबाने, घेण्यासाठी ज्यांच्याकडे फोन नाही त्या घरांतूनही कोणीतरी येतेच, बहुधा आजी. म्हणून मी त्याच पिशवीत हाताने लिहिलेला स्वाध्याय ठेवते आणि मागचा सोडवलेला परत घेते. एकदा कागदावर भाजीच्या तेलाचे डाग होते, पण हातच्याची सगळी गणिते बरोबर होती. पाड्यावर सातवी-आठवीची एखादी मुलगी धाकट्यांना बसवून घेण्यास तयार असेल तर निम्मे काम होते. मात्र भातकापणीच्या दिवसांत तिच्यावर तो भार टाकू नये.

पालक, सातपूर
हा प्रश्न केवळ पाड्यांचा नाही. माझ्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमधून खासगी शाळेत प्रवेश मिळाला. शुल्क माफ झाले, पण तास सकाळी नऊला आणि घरातला एकमेव फोन माझ्याबरोबर कारखान्यात. शाळेने गैरहजेरी लावली. तोच तास रात्री ऐकता येईल असा ध्वनिमुद्रित करून पाठवा, एवढीच विनंती आम्ही केली होती.

विशेष शिक्षक, नाशिक शहर
ध्वनिमुद्रण सर्वांना पुरत नाही, हे नम्रपणे सांगतो. कर्णबधिर मुलाला लहान पडद्यावर शिक्षकांचे ओठ दिसत नाहीत, आणि वर मुखपट्टी असेल तर काहीच उरत नाही. त्याच्यासाठी सूचना लिहून द्याव्यात आणि फोन घरी परतल्यावर दहा मिनिटे एकट्याशी व्हिडिओवर बोलावे.

प्रश्नकर्ते
मॅडम, आमचे तांदूळवाटप गुरुवारी आहे. २३ स्वाध्याय लिहायला घेतले आहेत. अहवालातील रकान्यात काय भरायचे, ते केंद्रप्रमुखांना विचारतो.