क्षयरोगाच्या अभ्यासाचे नमुने ब्रिटनला पाठवायचेत: परवानग्या, पॅकिंग, निधी

कृष्णाकाठ
नमस्कार. आमचं ट्रस्टचं वैद्यकीय महाविद्यालय आणि ब्रिटनमधलं एक विद्यापीठ मिळून क्षयरोगाचा अभ्यास करतोय. औषधाची चाचणी नाही, फक्त निरीक्षण. रुग्ण ३००, प्रत्येकाचं रक्त तीनदा. प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) तिकडे जायचाय, थुंकीतून वाढवलेलं जंतूंचं कल्चरही मागतायत. आमच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. पहिली खेप पुढच्या महिन्यात हवी म्हणतात. आणखी काय लागेल? शिवाय निधी आमच्याकडे घेऊन त्यातला हिस्सा शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेला द्यायचं ठरतंय. चालेल का?

छाननी
पुढच्या महिन्यात जमणार नाही, हे तिकडे आजच कळवा. परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिचं कामकाज आयसीएमआरमधून, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतून चालतं. २०१६ मध्ये डीजीएफटीने (विदेश व्यापार महासंचालनालयाने) मानवी नमुन्यांच्या निर्यातीवरचं बंधन सैल केलं, तेव्हापासून सगळं मोकळं झालं असा समज आहे. पण एचएमएससीची मंजुरी त्यामुळे टळत नाही.

प्रोटोकॉल, दोन्हीकडच्या एथिक्स मंजुऱ्या, निधीचं पत्र, करार आणि एमटीए (नमुने हस्तांतराचा करार) या सगळ्यांत शीर्षक आणि नमुन्यांची संख्या एकच ठेवा. एकात ३०० रुग्ण आणि दुसऱ्यात ९०० नळ्या एवढंच लिहिलं की शंका निघते आणि फाइल परत येते. तुमची कमिटी नवी औषधं आणि चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांखाली आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, तेही बघून घ्या.

एमटीएत कोणत्या चाचण्या, किती मिली, उरलेलं परत येणार की नष्ट होणार, तिसऱ्या प्रयोगशाळेला देता येईल का आणि शोधनिबंधात नावं कोणाची, हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. ‘उर्वरित नमुने भविष्यातील संशोधनासाठी’ हे वाक्य मोघम राहू देऊ नका. ते तसंच राहिलं, तर पुढे तुमच्या रुग्णांच्या रक्तावर काय होतंय हे विचारायचा हक्कही उरत नाही.

संमतीपत्रात ‘माझं रक्त तपासणीसाठी भारताबाहेर पाठवायला माझी संमती आहे’ हे वेगळं वाक्य हवं आणि त्यापुढे वेगळी सही किंवा अंगठा. वाचता न येणाऱ्यांसाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. हे वाक्य नसताना गोळा केलेले नमुने पाठवू नका, आधी कमिटीकडे जा.

शीतपेटी
प्लाझ्मा आणि कल्चर एका खोक्यात घालू नका, दोन्हींचे नियमच वेगळे. संसर्गजन्य मालाच्या वाहतुकीत प्लाझ्मा कमी धोक्याच्या कॅटेगरी बी मध्ये येतो, खोक्यावरचा क्रमांक यूएन ३३७३. क्षयाचं कल्चर जास्त धोक्याच्या कॅटेगरी ए मध्ये, क्रमांक यूएन २८१४. त्याला शिपरचं डिक्लरेशन (पाठवणाऱ्याचं घोषणापत्र) आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

प्लाझ्मासाठी तीन थर: गळती न होणारी नळी, भोवती शोषक कागद, मग घट्ट झाकणाचा दुसरा डबा, त्याबाहेर कडक खोकं. नळी किंवा दुसरा डबा, दोन्हींपैकी एक ९५ किलोपास्कल दाब सोसणारा हवा. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) दुसऱ्या डब्याच्या बाहेरच घाला आणि बाहेरचं खोकं हवाबंद करू नका. वायूला वाट मिळाली नाही तर खोकं फुटतं. खोक्यावर यूएन १८४५ आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन किलोत लिहा.

बिघडतं ते बहुतेक छोट्या गोष्टींत. साधी कागदी लेबलं उणे ८० ला सुटतात, अतिथंडीत टिकणारी क्रायोलेबलं घ्या. तापमान नोंदवणारा साधा डेटा लॉगर एवढ्या थंडीत बंद पडतो, ड्राय आइसला चालणारा मागवा. शुक्रवारी पाठवलेलं खोकं शनिवार-रविवार कस्टम्समध्ये पडून राहतं, म्हणून सोमवारी पाठवा. प्रत्येक नमुन्याचे ०.५ मिलीचे चार भाग करा. दोन इथेच ठेवा, दोन वेगवेगळ्या खेपांत पाठवा.

कल्चर मात्र पाठवूच नका, असं माझं ठाम मत. जंतूंचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकीय क्रम वाचणं, भारतात होतं. १९५६ साली मद्रासला आयसीएमआर, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल एकत्र आल्या, तेव्हाही क्षयरोग संशोधनाचं केंद्र मद्रासमध्येच उभं राहिलं. घरी राहून औषधं घेतली तरी सॅनेटोरियमइतकाच गुण येतो, हे १९५९ साली तिथल्याच अभ्यासातून जगाला कळलं. चेन्नईची आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणजे तेच केंद्र. इथे सिक्वेन्सिंग करून फक्त माहिती पाठवायची असेल, तरी अर्जात तसं लिहा.

हिशेबवही
निधीचा बेत बदला. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखाली आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरीही. ब्रिटिश विद्यापीठाने दोन्ही संस्थांशी स्वतंत्र करार करावेत. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच आला पाहिजे. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवा. शेजारच्या संस्थेची नोंदणी नसेल तर तिने याच देणगीपुरती पूर्वपरवानगी मागावी. त्यासाठी देणगीदाराचं रक्कम आणि उद्देश सांगणारं पत्र लागतं. ते पत्र एचएमएससीच्या अर्जाबरोबरच मागवून घ्या.